दचकणारे जीवाणू

डबक्याच्या तळच्या कुजक्या चिखलात पोहणारे जांभळे जीवाणू उजेडावर जगतात; पण उजेड कुठल्या दिशेला आहे, हे त्यातल्या बहुतेकांना कळत नाही. मग ते उजेडात गोळा कसे होतात? उट्रेख्तच्या थिओडोर एंगलमान यांनी १८८३ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात प्रकाशाचा ठिपका पाडला आणि निरखून पाहिले. जीवाणू ठिपक्यात सहज शिरत. बाहेर पडताना मात्र अंधार लागताच दचकून मागे हटत. आत यायला मोकळीक, बाहेर जायला मज्जाव! डोळा नाहीच. प्रकाशसंश्लेषण मंदावले की तीच खूण शेपटीपर्यंत पोचते, हे पुढे कळले. आणि गंमत बघा, वर्णपट पाडला तेव्हा त्यांची सर्वांत दाट गर्दी झाली तांबड्याच्या पलीकडे, आपल्याला निव्वळ काळोख दिसतो तिथे.