आयत्या वेळचे विषय

संपादकांना १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतली खडाजंगी हवी होती. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावी मी गेलो तिथे झेंडावंदनाला शाळेचं मैदान भरलं, जिलेबी वाटली, आणि त्यानंतर सभागृहात उरली तीसएक माणसं. कोरम नाही. सभा तहकूब.

कागदोपत्री इतिहास थोडक्यात असा: १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम, मग २४ एप्रिल १९९३पासून लागू झालेली ७३वी घटनादुरुस्ती. वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांत कमी असेल तो आकडा. लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणूस बिनबोलावता येतं.

तहकूब सभेला पुन्हा गेलो ते प्रोसिडिंगच्या वहीसाठी. जाडजूड, लाल कापडी पाठीची, पानापानावर छापील आकडा. ती लिहितात भाऊसाहेब. शासनाने २०२४मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. गावाला त्याचं सोयरसुतक नाही, गावासाठी ते भाऊसाहेबच. भाऊसाहेबांची कारागिरी मी शेजारी बसून पाहिली. पाणीपट्टी वसुलीचा विषय निघाला आणि मागून एकजण तडकला, "वरच्या आळीला दोन तास पाणी, आमचा नळ नुसती गुळणी टाकतोय, अन् पट्टी मातूर सारखीच?" दहा मिनिटं गलका. वहीत उतरलं ते एवढंच: 'पाणीपुरवठ्याच्या वेळेबाबत सविस्तर चर्चा झाली.' खाली सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर मोत्यासारखं.

"भांडण लिहिलं तर ऑडिटवाले विचारतात, निर्णय काय?" ते म्हणाले. "निर्णय लिहिला की गाव विचारतं, आमचं भांडण कुठं गेलं?"

या वहीला कमी लेखू नये. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका ठरावात एवढा दम असतो.

पण तो वहीत शिरायला वाट कोणती? विषयपत्रिकेतले बहुतेक विषय वरून येतात: मागील इतिवृत्त कायम करणे, विकास आराखडा, घरकुलाची यादी, शासकीय परिपत्रकांचं वाचन. गावाचं स्वतःचं येतं सगळ्यात शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' या ओळीत. आणि इथेच मेख आहे. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण तिच्यात नवा विषयही घेता येत नाही. म्हणजे लोक आले नाहीत तरी सरकारी कामं मार्गी लागतात. अडतं फक्त लोकांचं. इतकी सोयीची तरतूद असल्यावर गर्दी जमवायची घाई कोणाला असणार? दवंडी जाऊन व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आला, त्यावर नोटीस पडते, तिच्याखाली अंगठे पडतात.

सरपंच बाई आहेत. निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्याला दशक उलटलं, तरी शेजारच्या खुर्चीतून उत्तरं यजमानच देत होते. बचत गटाच्या एक काकू उठल्या. स्मशानशेडचे पत्रे उडालेत, पावसात सरण पेटत नाही. यजमान म्हणाले, "विषय अजेंड्यावर नाही काकी. २ ऑक्टोबरला घेऊ."

"अन् तेव्हाबी तहकूब झाली तर?"

भाऊसाहेबांनी मान वर केली. "लेखी अर्ज द्या."

काकूंनी पिशवीतून अर्ज काढला. दोन प्रती होत्या. "एकीवर पोच द्या," त्या म्हणाल्या, "तारीख घालून."