‘फ्लाइट ऑफ द इंट्रूडर’ : वाचकांचे दोन कौल

व्हिएतनाम युद्धात ए-६ इंट्रूडर हे विमानवाहू नौकेवरून उडणारे बॉम्बफेकी विमान स्वतः चालवलेल्या स्टीफन कून्ट्स यांची ही कादंबरी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. वैमानिकाच्या शेजारी बसून रडारवर लक्ष्य शोधणारा बॉम्बार्डियर आणि रात्री हेलकावणाऱ्या डेकवर उतरताना शेपटीखालचा आकडा आडव्या पोलादी तारेत अडकवण्याची धडपड, हे तपशील तंत्रप्रेमी वाचकांना खिळवून ठेवतात. कथेची गती शोधणाऱ्यांना मात्र तेच जड जातात. सहकारी गमावलेला नायक जेक ग्राफ्टन आज्ञेविना हनोईवर हल्ला करतो, तेव्हा ते शौर्य मानावे की बेशिस्त, यावर मतभेद होणे स्वाभाविकच आहे. किंबहुना या नैतिक पेचामुळेच ती निव्वळ साहसकथा राहत नाही.