चूल न पेटवता दाण्याचे लाडू

खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या उंबरमाळीत काय, मुंबईच्या फ्लॅटमध्ये काय, चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत करायला शेंगदाण्याच्या लाडवासारखा पदार्थ नाही. दाणे मोठ्यांनी आदल्या दिवशी भाजून ठेवावेत. मग जाळाचं काम उरत नाही. दोन वाट्या दाण्यांना एक वाटी किसलेला मऊ गूळ पुरतो. चिक्कीचा गूळ नको.

सालं चोळून सुपात फुंकर मारायची, की मुलं हरखतात. अंगभर सालं उडतात, उडू द्यावीत! काळे, सुरकुतलेले दाणे मात्र निवडून टाकावेत. बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. दाणे आणि गूळ खलबत्त्यात एकत्र कुटावेत. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. ते सुटलं की कूट ओलसर, चकचकीत दिसतो आणि तुपाशिवाय लाडू वळतो. वाकडातिकडा वळला तरी तो मुलाचाच राहू द्यावा, आपण नीट करायला जाऊ नये.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, श्वासनलिकेत अडकू शकतो. कूट बारीकच हवा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी तिळाचे किंवा कुरमुऱ्यांचे लाडूही डॉक्टरांना विचारूनच करावेत.