बुटक्या उंदराचं तल्लख म्हातारपण

पेटीला दोन कप्पे. एकात लख्ख दिवा, दुसऱ्यात अंधार, मध्ये सरकतं दार. उंदराला उजेडात सोडलं की तो जरा मिशा हलवतो आणि दार उघडताच अंधाराकडे पळतो. उंदीरच तो, उजेडात थांबतोय कशाला! पण अंधारात पाय टेकताच तळच्या गजांतून विजेचा हलकासा चटका बसतो. धडा एवढाच. नंतर त्याला पुन्हा उजेडात ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि बघत बसायचं. चटका आठवत असेल तर तो दाराशी जातो, नाक पुढे करतो, मागे फिरतो, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. आठवत नसेल तर सरळ आत.

प्रयोगशाळेतला उंदीर दोन वर्षांचा झाला की त्याचं म्हातारपण आलं म्हणायचं. मग या परीक्षेत तो घसरू लागतो. चटका बसलेला असतो, पण धडा टिकत नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या आंद्रे बार्टके यांच्या गटानं वेगळ्याच म्हाताऱ्या उंदरांचे निकाल मांडले. हे उंदीर त्यांच्या धडधाकट भावंडांच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढे. शरीरात ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, जन्मापासून नाहीच. आणि वय झाल्यावरही त्यांना चटका आठवत होता. मोकळ्या जागेतली त्यांची हिंडफिरही वयामुळे मंदावली नव्हती.

आपण नेमकं उलटं धरून चालतो. वाढीचं संप्रेरक म्हणजे तारुण्य, ते ओसरलं की म्हातारपण! माणसातही वयाबरोबर ते कमी होतं हे खरंच आहे. 1990 मध्ये डॅनियल रडमन यांनी साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने या संप्रेरकाची इंजेक्शनं दिली. त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली. एवढ्याशा अभ्यासावर ‘चिरतारुण्य’ विकणाऱ्या दवाखान्यांचा अख्खा बाजार उभा राहिला. त्या बाजारात या बुटक्या उंदरांचं नाव कुणी काढत नाही, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

हे उंदीर आले आयोवा राज्यातल्या एम्स गावाहून, म्हणून त्यांना ‘एम्स ड्वार्फ’ म्हणतात. 1961 मध्ये तिथल्या विद्यापीठात त्यांची पहिली नोंद झाली. त्यांच्या प्रॉप-1 नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्यूटरीत, काही पेशी तयारच होत नाहीत. 1996 मध्ये हॉली ब्राउन-बोर्ग, बार्टके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केलं, की हे उंदीर आपल्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त जगतात: नर सुमारे 49 टक्के, माद्या सुमारे 68 टक्के. एका जनुकाच्या बिघाडानं आयुष्य दीडपट व्हावं, हे पचायला अनेकांना वेळ लागला.

पण एम्सच्या उंदरात ग्रोथ हॉर्मोनबरोबर प्रोलॅक्टिन नसतं आणि थायरॉइडला चालना देणारं संप्रेरकही नसतं. मग श्रेय कुणाला द्यायचं? ओहायो विद्यापीठातल्या जॉन कॉपचिक यांच्या उंदरांनी ही गुंतागुंत बरीच सोडवली. त्यांनी संप्रेरक राहू दिलं आणि पेशींवरचा त्याचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तेवढा काढून टाकला. अशा उंदराच्या रक्तात वाढीचं संप्रेरक उलट जास्तच फिरतं, पण कुठल्याच पेशीला त्याची हाक ऐकू येत नाही. यकृत आयजीएफ-1 हे दुसरं संप्रेरक पुरेसं तयार करत नाही आणि उंदीर बुटका राहतो. हेही उंदीर दीर्घायुषी निघाले. त्यांच्यातला 11-सी नावाचा एक पठ्ठ्या 1819 दिवस जगला आणि पाचव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, 2003 च्या जानेवारीत गेला. चटक्याच्या परीक्षेतही या जातीच्या म्हाताऱ्यांची आठवण तरुणांसारखी टिकली. म्हणजे धागा ग्रोथ हॉर्मोनपाशीच जातो.

उलटा पुरावाही आहे. 1982 मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटानं उंदरात घुशीच्या वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलं आणि दांडगे, जवळपास दुप्पट आकाराचे उंदीर जन्मले. पुढे अशा प्रकारच्या उंदरांवर पाळत ठेवली तेव्हा दिसलं, की ते लवकर म्हातारे होतात, लवकर मरतात आणि त्यांची स्मृतीही वेळेआधी ढासळते.

आता खरी गंमत. आयजीएफ-1 हे मेंदूच्या पेशींना जगवणारं, त्यांच्यातले सांधे टिकवणारं रसायन आहे. ते रक्तात जवळजवळ नाही, तर या उंदरांचा मेंदू सुकायला हवा होता. लिओ सन आणि बार्टके यांनी 2005 मध्ये एम्स उंदरांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस तपासला. आठवणी पक्क्या करण्याचं काम मेंदूचा हाच भाग करतो. तिथे ग्रोथ हॉर्मोनही होतं, आयजीएफ-1 ही होतं आणि दोन्ही चांगलं भरपूर होतं. गावचा नळ कोरडा ठणठणीत, पण परसातल्या आडाला पाणी! मेंदू आपल्यापुरतं संप्रेरक स्वतःच तयार करत होता. हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या पट्ट्यात नव्या चेतापेशीही भावंडांपेक्षा जास्त जन्मत होत्या. एरवी म्हातारपणी हाच झरा आटत जातो.

स्मृतीचं मोजमाप मात्र जपून करावं लागतं. समजा, अशा उंदराला रिचर्ड मॉरिस यांच्या प्रसिद्ध हौदात सोडलं. गोल टाकी, गढूळ केलेलं पाणी, आणि पाण्याखाली लपवलेला एक ओटा. भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून उंदरानं पोहत तो शोधायचा. एम्स उंदराचं अंग मुळातच थंड, भावंडांपेक्षा दीड-एक अंशानं कमी. जीव चिमुकला, पाय आखूड. तो उशिरा पोहोचला, तर विसरला म्हणायचं की गारठला म्हणायचं? म्हणून जाणते संशोधक नुसता वेळ मोजत नाहीत. किती अंतर कापलं आणि कुठल्या बाजूला शोधलं, तेही बघतात. बुटक्या उंदरांच्या बुद्धीबद्दल घाईनं निकाल देणाऱ्यांनी आधी त्यांचं तापमान विचारावं.

आणि हे सगळं एकाच बाजूला झुकत नाही. विल्यम सोन्टॅग यांच्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या घुशींमध्ये हेच संप्रेरक वाढवलं, तेव्हा जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता सुधारली. हे बुटक्यांच्या गोष्टीला छेद देणारं वाटतं. मला तरी यात विरोधापेक्षा वेळेचा प्रश्न जास्त दिसतो. जन्मापासून जे नव्हतंच त्याच्याशी शरीर जुळवून घेतं. आयुष्यभर असलेलं उतारवयात आटलं की मात्र ओढाताण होते. वेळेला किती वजन आहे, हे बार्टके यांच्याच गटानं दाखवलं. एम्सच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, फक्त सहा आठवडे, ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं दिली. पुढे एक थेंबही नाही. तरीही त्यांचं दीर्घायुष्य गेलं आणि ती साध्या उंदरांएवढीच जगली.

माणसात असे बिघाड सापडतात. ‘लिटल’ नावाच्या आणखी एका बुटक्या उंदरात ज्या वेगळ्याच रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं असतं, त्याच जनुकातला दोष 1996 मध्ये एका भारतीय कुटुंबात आढळला, आणि दोन वर्षांनी सिंधमधल्या बुटक्या माणसांच्या कुळात. कॉपचिक यांच्या उंदरांसारखा बिघाड तर इक्वाडोरच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ गावांत आहे. त्याला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात. डॉ. हाइमे गेव्हारा-अगिरे यांनी अशा 99 जणांना वर्षानुवर्षं पाहिलं. 2011 मध्ये त्यांनी लिहिलं, की त्यांच्यात मधुमेह एकालाही नाही, आणि कर्करोग एकालाच, तोही जीवघेणा नाही. 2017 मध्ये त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूंची चित्रं घेतली गेली. मेंदूची रचना आणि काम त्यांच्याहून तरुण माणसांशी जुळत होतं. स्मृतीच्या चाचण्यांतही ते आपल्या धडधाकट नातेवाइकांच्या पुढे होते.

तरीही ती माणसं नातेवाइकांपेक्षा जास्त जगत नाहीत. त्यांच्यातले बहुतेक मृत्यू म्हातारपणाच्या आजारांनी झालेच नव्हते. अपघात, दारू, फेफरं ही कारणं निघाली. पिंजऱ्यातल्या उंदराला दारू मिळत नाही आणि रस्ताही ओलांडावा लागत नाही.