इकडील क्षेम, तिकडील क्षेम

मराठीच्या तासाला सरांनी एकदा विचारले, "तुमच्यापैकी घरी पत्र किती जणांनी लिहिले आहे?" वर्गात साठ-पासष्ट विद्यार्थी होतो. एकही हात वर आला नाही. दहावीच्या परीक्षेत पाच गुणांचे पत्र आम्ही सर्वांनीच लिहिले होते, पण ते कोणाला पोचले नव्हते. सर हसले आणि पुढे शिकवू लागले. मला मात्र त्या प्रश्नाने घर आठवले. आमच्या सिन्नर तालुक्यातल्या घरी माजघराच्या तुळईला एक तार लोंबते, आणि तिला खालून वर टोचत नेलेली जुनी पत्रे आहेत. त्या तारेमुळेच हा लेख लिहावासा वाटला.

आजच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागेल की पत्रे फाईलमध्ये ठेवण्याची रीत खेड्यात नव्हती. जाड तारेच्या एका टोकाला आकडा करून ती टांगायची, आलेले पत्र वाचून झाले की दुसऱ्या टोकाने त्यात ओवायचे. त्यामुळे सर्वांत जुने पत्र सर्वांत वर आणि ताजे खाली, असा आपोआप क्रम लागतो. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, मनीऑर्डरीच्या पावत्या, सारे एकाच तारेवर. एक गोष्ट मात्र तारेवर कधीच सापडणार नाही, ती म्हणजे मृत्यूची वार्ता. तसल्या कार्डाचा कोपरा पाठवणाराच फाडून पाठवी, आणि ते उंबऱ्याबाहेर वाचून तिथेच फाडून टाकीत. म्हणजे घराण्याचा इतिहास या तारेवरून लिहायला घेतला तर आमच्याकडे कोणी मेलेच नाही असे वाटेल.

पोस्टकार्ड ही चीज जगात प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ साली निघाली. आपल्याकडे ती १ जुलै १८७९ रोजी आली आणि तिची किंमत होती पाव आणा. त्या पाव आण्याने काय केले असेल याची कल्पना करावी. पत्र धाडणे हे तोवर सरदार, सावकार, भिक्षुक आणि सरकारी माणसे यांचे काम होते. आता ते शेतमजुराच्या आवाक्यात आले. दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसाचे पैसे आणि त्याची खुशाली एकाच कागदावर घरी येऊ लागली, कारण मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली दोन-चार ओळींची जागा असे. "पैसे मिळताच पोच द्यावी, बैलास पेंड घालावी", एवढे त्यात बसे.

नाशिककरांनी या बाबतीत थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२६ पासून तिकिटे येथेच छापली जाऊ लागली. तेव्हापासून देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या सासुरवाशिणीने पाकिटाला जीभ लावून जे तिकीट चिकटवले, ते बहुधा आपल्या नाशिकरोडहून गेलेले असे.

पत्त्याचेही असेच. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि शिवाय संस्कृतचे कवी व नाटककार. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो (आपला ४), पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो (नाशिक ४२२), आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय दाखवतात. एकट्या गंगापूर रोडचे पाहा. अशोक स्तंभाकडून निघाले तर आरंभी ४२२००२ लागतो, पुढे ४२२००५ आणि आणखी पुढे ४२२०१३. रस्ता एक, पिन तीन! मी पहिल्या वर्षी खोलीचा पत्ता घरी चुकीच्या पिननेच कळवला होता. कोणी पत्र लिहिले नाही म्हणून ती चूक खपून गेली.

आता पत्राच्या आतल्या भागाकडे वळू. जुन्या पत्रात माणूस थेट मुद्द्यावर येत नसे. वर 'श्री', उजवीकडे गाव व तिथी, मग मायना. वडिलांना 'तीर्थरूप', बरोबरीच्या नातलगास 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, धाकट्यास 'चि.' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'. सवाष्णीला 'सौ.', विधवेला 'गं. भा.'. नुसत्या मायन्यावरून तिऱ्हाइताला कळे की कोण कोणाचा कोण आणि कुणाच्या कपाळी काय आहे. त्यानंतर 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे'. शेवटी 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ असावा ही विनंती'. पोस्टकार्डाची निम्मी जागा यातच जाई. खरा मजकूर राहिलेल्या पाच-सहा ओळींत. जागा संपली की कडेने आडवे लिहायचे. माझा अनुभव असा की सर्वांत महत्त्वाचे वाक्य हटकून त्या आडव्या ओळीतच असते.

बातम्या कोणत्या? पाऊस किती झाला, गाय व्याली का, अमक्याचे लग्न जमले, तमकीला मुलगा झाला, कांद्याला भाव काय मिळाला. यात काही नाही असे कोणी म्हणेल. पण ज्याला या बातम्या मिळत नाहीत त्याला विचारावे. आपल्या जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर अंदमानात असताना त्यांना वर्षातून एकच पत्र घरी धाडता येई. धाकट्या बंधूंना लिहिलेली ती पत्रे पुढे छापली गेली आणि आज वाचता येतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली हे सर्वांना ठाऊक असते. त्यांनी पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' मात्र कमी जण वाचतात. आणि पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांचा घराशी संबंध केवळ टपालाचा होता. त्यांचे पती गोपाळराव स्वतः टपाल खात्यात कारकून होते, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो.

पत्र पोचले तरी ते वाचणार कोण, हा खरा प्रश्न होता. आमच्या गावी पोस्टमन पत्र देई आणि बहुधा वाचूनही दाखवी. तो घाईत असला तर शाळेतले गुरुजी. तार आली तर आणखी पंचाईत, कारण ती इंग्रजीत. तारेचा शिपाई वेशीत दिसला की बाया ती फोडायच्या आधीच रडायला लागत. तारेत 'मदर सीरियस' एवढेच असे आणि 'सीरियस' म्हणजे काय ते सगळे समजून घेत. लग्नाच्या शुभेच्छांसाठी तर तार खात्याने ठरावीक वाक्यांना आकडेच देऊन ठेवले होते. आकडा सांगितला की तिकडे वाक्य उमटे. १४ जुलै २०१३ हा तारेचा शेवटचा दिवस. तेव्हा मी अगदी लहान होते.

वाचणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते याची गोष्ट आपल्या गंगापूर रोडवरच आहे. सोमेश्वरच्या अलीकडे जे आनंदवल्ली लागते, ते राघोबादादांच्या आनंदीबाईंच्या नावाचे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, आणि 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, 'ध'चा 'मा' केला, असे दोनशे वर्षे लोक सांगत आले. गोष्ट खरी की रचलेली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण एका अक्षराने माणूस जातो ही भीती लोकांना पटली म्हणूनच ती टिकली, एवढे म्हणता येईल.

आमच्या तारेवर कोणी अक्षर बदललेले नव्हते. गाळले होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती तार उतरवली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "वाच एकेक. तुझ्या आजोबांनंतर कुणी वाचलीच न्हाईत." आजोबा चौथी शिकलेले होते आणि घरात आलेले प्रत्येक पत्र तेच वाचीत. माझी थोरली आत्या १९७१ च्या उन्हाळ्यात मुंबईला दिली. जावई परळला गिरणीत. पहिली दिवाळी माहेरी झाली, आणि नंतर दोन वर्षे ती आली नाही. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अशीच सांगितली जाई, की पोरीला मुंबईचे वारे लागले आणि तिला माहेर आठवेना. आजी अजूनही ते थट्टेने, पण टोचून म्हणे. आत्याही आली की दोन दिवसांवर राहत नसे.

तारेवर वरच्या अंगाला तिची तीन कार्डे निघाली. तिने तारीख लिहिली नव्हती, परंतु पोस्टाच्या शिक्क्यावरून काळ लागतो. एक शिक्का जिथून टाकले तिथला, दुसरा जिथे आले तिथला. दोन्ही पुसट असले तरी भिंगाने वाचता आले. एक १९७२ च्या पंचमीच्या आधीचे, एक त्याच वर्षीच्या दिवाळीचे, आणि एक संक्रांतीनंतरचे. तिन्हीत मायना, क्षेम, नमस्कार सारखेच. आणि तिन्हींच्या कडेला आडवी ओळ. पहिल्यात, "पंचमीला मुराळी पाठवावा." दुसऱ्यात, "दिवाळीला मुराळी नक्की पाठवावा, मी वाट पाहते." तिसऱ्यात, "मला दोन दिवस तरी न्यावे."

मुराळी हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित नवा असेल. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ किंवा माहेरचे कोणी जाते, तो मुराळी. तो आल्याशिवाय सासरचे सोडीत नसत. म्हणजे ही ओळ विनंतीची नव्हती, तीच एक वाट होती.

मी आजीला पहिले कार्ड नेहमीसारखे वाचले आणि आडव्या ओळीशी थांबले. वाचू की नको, हे मला खरोखर समजेना. आजोबा जाऊन बारा वर्षे झाली. १९७२ चा दुष्काळ सिन्नरकडे किती वाईट होता हे आपण इतिहासात वाचतो. आमच्या घरची माणसे तेव्हा खडी फोडायला जात आणि सुकडी खात. मुराळ्याचे भाडे, लेकीची साडी-चोळी, परत पाठवणी, हे कुठून आणायचे? आजोबांनी ती ओळ गाळून 'सर्व क्षेम' तेवढे वाचले असणार. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी आला नाहीही. मी थांबलेली पाहून आजी म्हणाली, "तेबी तिथंच थांबायचे. काय हाय तिथं?"

मग मी वाचले. तिन्ही वाचली. तिने दुसरे कार्ड पुन्हा वाचायला लावले, नंतर परत एकदा. मी म्हणाले, फोन लावते आत्याला. ती म्हणाली, "फोनवर नको. तिथं समदे ऐकत असत्यात. चिठ्ठी लिही, आतून बंद व्हणारी."

फोनची ही अडचण नवी नाही. आधी गावात किराणा दुकानात एकच फोन होता आणि पत्त्याखाली 'पी. पी.' लिहून तो नंबर सगळा वाडा वापरी. ऐंशीच्या दशकाअखेरीस पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. बूथ आली. तिथेही काचेआड उभे राहून, मीटरवरचा आकडा पाहत बोलायचे. आता व्हॉट्सअॅपवर आमच्या घराण्याचा गट आहे. त्यात पन्नासहून अधिक माणसे आहेत. रोज सकाळी फुलांची चित्रे येतात, वाढदिवसाला केक येतो, कोणी गेले की हात जोडलेली खूण येते. बातमी काही क्षणांत पोचते हे खरेच. इमारतीखाली पाणी तुंबल्याचे वसईहून दहा मिनिटांत कळते, आणि हे लहान काम नव्हे. पण पन्नास जणांसमोर 'मला दोन दिवस तरी न्यावे' असे कोणी लिहील असे मला वाटत नाही. पोस्टकार्डही उघडेच असते म्हणा. तरी आत्याने ते लिहिले, कडेला का होईना.

नाशिकला परतल्यावर मी टपाल कार्यालयात गेले. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना मिळते. मला आंतर्देशीय हवे होते, ते अडीच रुपयांना मिळाले. खिडकीवरच्या बाईंनी मला वर-खाली पाहिले आणि "प्रोजेक्ट आहे का?" असे विचारले. मजकूर आजीने सांगितला होता तसाच लिहिला. तो येथे देत नाही. मायन्याशी मात्र मी अडले. सत्तरीच्या आत्याला आईच्या वतीने 'चि.' लिहायचे की मी लिहिते आहे म्हणून 'ती.'? शेवटी दोन्ही लिहिले.

उत्तर पत्राने आले नाही. आठ दिवसांनी आत्याच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावला. आजीने विचारले, "चिठ्ठी मिळाली का?" आत्या म्हणाली, "मिळाली." मग दोघी बराच वेळ कांद्याच्या भावाबद्दल आणि गुडघेदुखीच्या तेलाबद्दल बोलल्या. बाकी पत्रे मी तारेत पुन्हा ओवली. ती तीन कार्डे आजीने ओवू दिली नाहीत. ती तिच्या पानाच्या पिशवीत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत वसईला जायचे मी घरी सांगून ठेवले आहे. मुराळी मुलगी असली तर चालते का, हे आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "भाडं हाय ना तुझ्याकडं? मग जा."