शाळेचा उंबरठा ओलांडतांना

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर पेढे वांटले जातात. परंतु ज्या घरांतील मुलगा दृष्टिहीन आहे, किंवा चाकांच्या खुर्चीवरून हिंडतो, त्या घरांत पेढ्यांबरोबर काळजीहि शिरते. ती निराधार नसते. शाळेंत विद्यार्थी एका वर्गांत बसून राहतो व शिक्षक बदलतात; महाविद्यालयांत प्रकार उलट! पहिला तास तळमजल्यावर, दुसरा तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळा आवाराच्या दुसऱ्या टोंकास. ज्याच्या पायांत बळ नाहीं, त्यानें करावें काय? लिफ्ट असतेच असें नाहीं, व असली तरी ती चालू असतेच असेंहि नाहीं. म्हणून वेळापत्रक लागण्यापूर्वींच प्राचार्यांची गांठ घेऊन आपल्या तुकडीचे तास तळमजल्यावर मागून घ्यावेत. एकदां वेळापत्रक फळ्यावर लागलें कीं खोल्या हलत नाहींत, हा आम्हां मास्तरलोकांचा जुना अनुभव आहे.

ही मागणी म्हणजे कृपेची याचना नव्हे. २०१६ च्या कायद्यानें ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणारांसाठीं सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत शेंकडा ५ जागा राखल्या आहेत; १९९५ च्या कायद्यांत त्या ३ च होत्या. लेखनिक घेणारास परीक्षेंत तासामागें निदान २० मिनिटें अधिक मिळतात. लिहितांना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं, लेखनिक देण्यास ४० टक्क्यांची अट घालतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. मात्र शाळेंत असले अर्ज बहुधा मुख्याध्यापकच पुढें धाडतात. महाविद्यालयांत विद्यार्थ्यानें स्वतः विचारल्यावांचून कोणी पुसत नाहीं.

संदर्भग्रंथ ब्रेलमध्यें क्वचितच आढळतात. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. पण पानाचें नुसतें छायाचित्र पुढें केलें कीं तिची पंचाईत होते. यास्तव टंकलिखित टिपणें प्राध्यापकांकडून आधींच मागावींत.

आतां घरच्या मंडळींविषयीं. एकत्र कुटुंबांत अशा मुलाचें दप्तर काका उचलतात, अर्ज वडील लिहितात, डबा आजी उघडून देते. माया खरी, परंतु सोळा वर्षें ज्याच्या वतीनें दुसरेच बोलले, त्याला प्राचार्यांसमोर शब्द कसा फुटावा? मुलगी असल्यास तर ‘घरींच काय तें शिकेल’ म्हणून विषयच मिटवितात. हें मला मुळींच पसंत नाहीं.

जून उजाडण्यापूर्वीं दोन-तीनदां मोकळ्या आवारांत त्याला हिंडूं द्यावें, पायऱ्या मोजूं द्याव्यात, पाण्याचा नळ व शौचकूप कोठें आहे तें शिपायास त्यालाच विचारूं द्यावें. वडिलांनीं त्या वेळीं फाटकाबाहेर थांबावें.