नगर जिल्हा : लेखनाचे धडे

लेखनवर्ग म्हणजे लिहून आणायचे, गटात वाचायचे, सूचना ऐकायच्या, पुन्हा लिहायचे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा 1936 पासूनची. व्याख्यान नुसते ऐकता येते. कार्यशाळेत स्वतःचा कच्चा खर्डा पुढे ठेवावा लागतो. नगर जिल्ह्यात लेखन कसे घडले, त्याचे तीन धडे पुढे.

नेवासे, शके 1212 (इ. स. 1290) : ज्ञानेश्वरी आधी बोलली गेली, सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली. गीतेचे श्लोक 700, तिच्यावरच्या या टीकेतल्या ओव्या सुमारे 9,000.

नगरचा भुईकोट किल्ला, 1942-45 : जिल्ह्यातला खरा लेखनवर्ग हाच. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे कैदेत लिहिले. एप्रिल ते सप्टेंबर 1944, अवघे पाच महिने. हाती लिहिलेली हजारभर पाने. मौलाना आझाद, गोविंदवल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली या सहबंद्यांचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मानले आहे. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली बहुतेक पत्रेही इथलीच. लिहिली, पण तेव्हा टपालात पडली नाहीत.

लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) : शालेय शिक्षण जवळजवळ नाही. संसाराची बरीच वर्षे नगर-राहुरीत. आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत, 1934 पासून प्रसिद्ध. भाषा चुलीपाशी बोलावी तशी.